बर्फाचं पाणी

दुपारचं जेवण आटोपून भास्कर चिरमुले रजईत शिरतो. विश्रामगृहाच्या खिडकीखाली नदी एकसारखी घोंघावते आहे. हिमाचलातल्या या खोऱ्यात तो आणि त्याचा मित्र अच्युत दर एप्रिलला साताऱ्याहून ट्राउट मासे धरायला येत. यंदा तो एकटाच आलाय. डोळे मिटतात न मिटतात तोच नदीचा आवाज अंगाखाली येतो, आणि तो काठावर उभा असतो.

अच्युत दगडावर बसून गळ बांधतोय. गेल्या वर्षी तो नदीत वाहून गेला तेव्हाचाच हिरवा स्वेटर अंगात आहे, पण कोरडा.

वसंताला उशीर झालाय, तेव्हासारखाच. एरवी लाल फुलांनी भरलेली बुरांशाची झाडं बिनफुलांची. पाण्यावर किडे नाहीत, म्हणून ट्राउट तळाशी सुस्त पडून आहेत. पलीकडे नुकतीच गुहेतून उठलेली एक अस्वलीण, हडकलेली, भुकेने ओले दगड उलटते आहे. अच्युत पुन्हा तेच समजावतो. वितळायचं थांबलेलं बर्फ आता एकदम सुटेल, दुपारी पाणी चढेल, आठ दिवस जाऊ दे.

"आठ दिवस थांबायला रजा कुठे होती मला," भास्कर म्हणतो.

"म्हणून तर पाण्यात उतरलो. भित्रा म्हणालास ना."

आता दोघं अच्युतच्या साताऱ्याच्या स्वयंपाकघरात आहेत. ओट्याखालून नदी वाहतेय, राखाडी, फुगलेली. अच्युतची बायको, कुंदावहिनी, पाठमोरी पोळ्या लाटतेय. हिला काय सांगितलंस, अच्युत हलक्या आवाजात विचारतो.

मी नको म्हणत होतो, तूच हट्टाने उतरलास, असं सांगितल्याचं भास्कर कबूल करतो.

अच्युत रागावत नाही. तो भास्करचा हात धरून ओट्याखालच्या पाण्यात बुडवतो. गारठ्याने हाडं ठणकतात.

भास्कर दचकून उठतो. खिडकीत ऊन तसंच आहे. उजव्या मुठीत मऊ, ओला गाळ आहे.

डाव्या हाताने तो साताऱ्याला फोन लावतो आणि अडखळत सगळं खरं सांगून टाकतो.

"मला माहीत होतं, भावजी," वहिनी म्हणते. "उतरण्याआधी यांनी फोन केला होता. भास्कर ऐकत नाही म्हणाले. तेराव्याला तुम्ही आमच्याकडे जेवलात, तेव्हा वाटलं होतं, आता सांगाल."

फोन बंद होतो. मुठीतला गाळ अजून गारच आहे.