दीड इंचाचा संशय

खपणे हे क्रियापद मास्तर दिवसातून वीस वेळा तरी वापरत. कापड खपतं, दोरा खपतो, शिवून ठेवलेले उशांचे अभ्रे खपतात. माणूस मशीनवर खपतो आणि एक दिवस कायमचाच खपतो. उलट उत्तर तेवढं मास्तरांना खपत नसे. आणि या एवढ्या खपाखपीत आपलं काहीतरी कोणीतरी मारतंय, अशी त्यांची पक्की खात्री.

शिलाईचं दुकान केवढं, तर आत आलेल्या गिऱ्हाइकाला वळायचं झालं की आधी मास्तरांना सरकावं लागे. दाराशी धाकट्या भावाचं मशीन, मध्ये कापणीचं टेबल, मागे आरसा. दोन वर्षांपूर्वी मास्तरांची मोठी कात्री कोणीतरी पुठ्ठा कापायला वापरली. कोणी, ते उघडकीला आलं नाही. म्हणजे मास्तरांच्या लेखी सगळ्यांनीच वापरली. तेव्हापासून दुकान बंद करताना ते गळ्यातली टेप काढत, तिच्या टोकाला ती जड कात्री स्वतःच्या खास गाठीने बांधत आणि दोन्ही उंच खिळ्याला टांगून ठेवत. कोणी हात लावला तर सकाळी गाठ बघून कळावं. दोन वर्षांत गाठ एकदाही हललेली दिसली नाही. त्यावरून चोर हुशार आहे, एवढंच मास्तरांनी ताडलं.

यंदा मात्र संशयाला पुरावे मिळू लागले. समोरच्या कापडवाल्याकडून गिऱ्हाइकं तीन मीटर कापड घेऊन येत. एकशे अठरा इंच भरायला हवं, ते भरे एकशे सोळा.

"दोन इंच कुणाच्या पोटात गेले?" मास्तरांनी दारातूनच विचारलं.

"माझ्या गजाला पोट नाही, मास्तर," कापडवाला गल्ल्यावरून न उठता म्हणाला. "तुमच्या कात्रीला विचारा."

झालं. दोघांचं बोलणं बंद.

मग मास्तरांनी मापांची वही चाळायला घेतली. टपालवाला, छातीला अर्धा इंच कमी. शाळेतले गुरुजी, अर्धा इंच कमी. बेकरीवाला, रोज उरलेला माल स्वतः संपवणारा, तोसुद्धा अर्ध्या इंचाने रोडावलेला.

"गावाला काहीतरी लागलंय," मास्तर बायकोला म्हणाले.

"तुम्हाला चष्मा लागलाय," ती काजं करता करता म्हणाली. "कपडे बसतात ना लोकांना?"

कपडे चोख बसत होते, हीच तर पंचाईत होती.

इथवर गंमत होती. पण एक दिवस धाकट्याला नवा शर्ट बेतायचा म्हणून मास्तरांनी त्याची छाती मोजली. चौतीसची बत्तीस. सगळ्यांचा अर्धा इंच गेला होता, ह्याचे दोन गेले होते. आणि महिनाभर तो मशीनच्या आवाजात खोकला मिसळून खोकत होता. खोकला आला की पाय जोरात मारायचा. मास्तरांना मशीनचा आवाज पाठ होता. विनाकारण पळणारी शिलाई त्यांना ऐकू येई.

त्या दुपारी त्यांनी वहीचं एक जुनं पान उघडलं. वडिलांचं. मास्तरांनी वडिलांचे शर्ट सहा वर्षं शिवले होते. अडतीस, सदतीस, साडेपस्तीस, तेहतीस. त्याखाली काही नाही. वडील क्षयाने गेले. घरात तो शब्द कोणी उच्चारत नसे. 'अंगाने उतरलेत' म्हणायचे सगळे, जणू जिन्यावरून उतरलेत.

"उद्या दवाखान्यात चल," मास्तर म्हणाले. "थुंकी तपासून घेऊ."

"दादा, परवा तू बँकेच्या वॉचमनलाही हेच सांगितलंस. तो अजून मला विचारतोय, मास्तर ठीक आहेत ना."

"त्याचं सोड. तू चल."

"तुला कात्रीचाही संशय, कापडवाल्याचाही संशय. आता माझ्या फुप्फुसांचा. मी नाही येत जा."

वहिनीने सांगून पाहिलं, तिलाही तो हसला. मास्तरांना हे खपलं नाही, पण चोवीस वर्षांच्या माणसाला बखोटीला धरून कुठे नेणार?

चार दिवसांनी सुतार आला, पडदे काखेत मारून. मास्तरांचा जुना दोस्त. नव्या घराच्या दारांची मापं त्यानेच चिठ्ठीवर लिहून दिली होती.

"मास्तर, चौऱ्याऐंशी सांगितले होते. पडदे जमीन पुसतायत. दीड इंच जास्त."

"चिठ्ठी लिहिताना लक्ष कुठे होतं तुमचं?"

"माझं लक्ष? माझ्या मापात चूक झाली तर दार लागत नाही, राव. तुमच्या मापात झाली तर तुम्ही गिऱ्हाइकाला पोट आत घ्यायला सांगता."

धाकटा खो-खो हसला, मग खोकला. सुताराने खिशातली पोलादी टेप टेबलावर ताणली. मास्तरांनी तावातावाने आपली तिच्या शेजारी पसरली. मास्तरांचा साठ सुताराच्या एकसष्टाशी जाऊन भिडला.

मास्तरांनी पुन्हा पसरली. पुन्हा एकसष्ट.

सुताराने टेपेचं टोक चिमटीत धरलं. गाठीने तिथे पार वळकटी झाली होती. "ह्याला काय टांगता?"

धाकट्याने खिळ्याकडे बोट दाखवलं, मग कात्रीकडे, आणि तोंड झाकून घेतलं. दोन वर्षं रोज कात्रीच्या वजनाने टेप ताणली गेली होती. मापही तिनेच, कापणीही तिनेच, म्हणून कपडे बरोबर बसत होते आणि गाव तेवढं बारीक होत होतं.

सुताराने ही बातमी चहा संपायच्या आत गल्लीभर केली. कापडवाल्याने स्वतःहून नवी टेप पाठवली, सोबत निरोप: मास्तरांना म्हणावं, ही टांगू नका. मास्तर जाऊन त्याच्याशी दोन शब्द बोलून आले. ते दोन शब्द त्यांना फार जड गेले.

धाकटा सगळ्यात खूष. "सुटलो बुवा. माझे दोन इंच कात्रीने खाल्ले."

"उभा राहा," मास्तर म्हणाले.

"आता कशाला?"

"शर्ट बेतायचाय."

त्याने छाती फुगवली. मास्तर त्याचा श्वास सुटेपर्यंत थांबले, मग नवी टेप फिरवली. साडेबत्तीस. टपालवाल्याचा अर्धा इंच परत आला असता, गुरुजींचाही आला असता. ह्याचाही अर्धा आला. दीड आला नाही.

"ही पण तपासून घे एकदा," धाकटा म्हणाला. आवाजात हसू होतं, तोंडावर नव्हतं.

मास्तरांनी रिळाचा दोरा तोडला, त्याच्या छातीभोवती गुंडाळला, चिमटीत धरून सुताराच्या पोलादी टेपेवर ठेवला. सुतार वाकून बघत होता. दोराही साडेबत्तीसच भरला.

"संध्याकाळी अंग कोमट लागतं का रे?" मास्तरांनी हळूच विचारलं.

धाकटा बॉबिन फिरवत बसला. "पंधरा दिवस झाले," तो म्हणाला. "वहिनीला सांगू नकोस. वडिलांना औषध मिळालं होतं का?"

"मिळालं होतं. बरं वाटायला लागलं की सोडायचे. तू सोडणार नाहीस. गोळ्या मी मोजून देणार, आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं."

"म्हणजे तिथेही संशयच."

"तिथे तर जास्तच."

सुतार म्हणाला, मी दुकानात बसतो. मास्तरांनी क्षणभर कात्रीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि कात्री टेबलावर तशीच उघडी ठेवून पायऱ्या उतरले. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. धाकटा पुढे, मास्तर मागे. बरोबरीने चाललं तर हा वळणावर सटकेल, असा त्यांना संशय होता. त्याच्या अंगातला शर्ट त्यांनीच गेल्या वर्षी शिवलेला. खांद्यांतून तो दोन्हीकडे लोंबत होता, आणि ते दिसायला टेप लागत नव्हती.