डॉक्टरांसमोर आई बरी असते

आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर नर्स आणि थेरपिस्ट घरी येणार होत्या. विम्याची अट एवढीच, की डॉक्टरांनी तिला स्वतः तपासून लिहायचं: या बाईंना कुणाच्या आधाराशिवाय घराबाहेर पडता येत नाही, बाहेर गेल्या तर फार दमतात, आणि त्यांना घरीच उपचार हवेत. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. म्हणून मी निर्धास्त होतो.

डॉक्टरकडे जायचं म्हणून आईने माझ्या बायकोकडून इस्त्रीची साडी नेसवून घेतली. इकडे परदेशात, बॉथेल नावाच्या गावात आमचं घर उतारावर आहे. गाडीपर्यंतच्या पायऱ्या उतरताना ती मधेच कठड्याला टेकून उभी राहिली, डोळे मिटून. पण क्लिनिकमध्ये तपासणीच्या खोलीपाशी आलो आणि देवळाबाहेर चपला काढाव्यात तसा तिने वॉकर भिंतीशी लावून ठेवला.

"आत हे लटांबर कशाला?" म्हणाली, आणि दारापासून खुर्चीपर्यंत तशीच चालत गेली. डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय? नागपूरला बँकेत नोकरी केलेली माझी आई स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, अगदी छान, तुमची कृपा.

डॉक्टरांपुढे रडगाणं गायचं म्हणजे त्यांच्या उपचारांना नावं ठेवणं, असं तिला वाटतं. आमच्या घरात सगळ्यांनाच वाटतं. मी तिला अडवलं नाही. उलट भर घातली, की मागच्या आठवड्यात मंडळाच्या गणपतीलाही जाऊन आली. तिथे दोघांनी तिला खुर्चीसकट उचलून आत नेलं होतं, हे सांगितलं नाही. ती बरी आहे हे ऐकायला मलाच हवं होतं. मी घरून काम करतो, त्यामुळे दिवसा तिला कमोडवरून मीच उठवतो. त्या खोलीत थोडा वेळ तरी मला ते विसरता आलं.

त्याच आठवड्यात, नर्स पाठवणाऱ्या एजन्सीचा फोन आला. डॉक्टरांच्या नोंदीत 'आधाराशिवाय चालतात, कार्यक्रमांना जातात' असं लिहिलं होतं. सेवा मिळणार नाही. मी क्लिनिकला फोन केला. तिथली बाई म्हणाली, काय हवं ते एजन्सीने कळवावं. एजन्सी म्हणाली, आम्ही डॉक्टरांना शब्द पुरवू शकत नाही, ते त्यांच्याच तपासणीतून यायला हवं. पुन्हा क्लिनिक.

"सर, डॉक्टर जे पाहतात तेच लिहितात. आईंना परत घेऊन या."

म्हणजे तिला बाहेर पडता येत नाही हे दाखवायला तिला पुन्हा बाहेर काढायचं. व्हिडिओवर चालेल का, विचारलं. चालेल, पण वेळ पुढच्या महिन्यातली. इकडे आईचा पाय आखडत चालला होता. मी मीटिंगमध्ये स्वतःला म्यूट करून दुसऱ्या फोनवर होल्डचं संगीत ऐकत बसायचो. कुणावर चिडावं ते कळायचं नाही. सगळे आपापल्या नियमाने बरोबर होते, आणि चुकीचं चित्र उभं केलं होतं ते आम्ही मायलेकांनी.

"या वेळी खरं सांगशील?" मी आईला विचारलं.

"म्हणजे मागे खोटं बोलले?"

"वॉकर बाहेर ठेवलास ना."

"मग काय कण्हत जाऊ? बँकेत कर्ज मागायला यायचे लोक, असंच तोंड पाडून."

"आई, अगं, थेरपिस्ट नाही आली तर तू कायमची अशीच राहशील."



क्लिनिकमधल्या दुसऱ्या भेटीत वॉकर आत आला, तो मी धरून ठेवला होता म्हणून. डॉक्टरांनी विचारलं तर ती "बरं आहे" एवढंच म्हणाली. मग मी बोलायला लागलो. पायऱ्यांचं सांगितलं, गणपतीतल्या खुर्चीचं सांगितलं.

"त्यांना एकट्यांना उठता येतं?" डॉक्टरांनी टाइप करता करता विचारलं.

"नाही."

"बाथरूममध्ये?"

"मी उचलतो. नंतरचं स्वच्छ करणंही मीच करतो."

सगळं इंग्रजीत, आणि तिला शब्दन् शब्द कळत होता. ती भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहत राहिली. परतताना गाडीत मी दोनतीन विषय काढले. तिने खिडकीबाहेर पाहत हुंकार दिले.

सेवा मंजूर झाली. थेरपिस्ट येते, आई तिचं ऐकते, पाऊलही आता नीट टाकते. पण बाथरूमला जायचं असलं तर ती मला हाक मारत नाही. मी पलीकडच्याच खोलीत असतो. माझी बायको ऑफिसातून येईपर्यंत ती तशीच थांबते, आणि थांबता यावं म्हणून तिने दुपारचा चहा बंद केला आहे.