बाबांचं भूशिर

बाबा साताऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे. भूशिर, आखात, सामुद्रधुनी, सगळं त्यांनी जन्मभर फळ्यावर खडूने काढलं, डोळ्यांनी मात्र कधी पाहिलं नाही. २००४ च्या उन्हाळ्यात ते बॉस्टनजवळ आमच्याकडे राहायला आले, तेव्हा मी ठरवलं, त्यांना मेन राज्यातल्या एका बेटावर न्यायचंच. त्याच्या उत्तर टोकाला एक उघडंबोडकं भूशिर आहे. झाड नाही, घर नाही, नुसता वारा. बरेच वीकेंड काही ना काही कारणाने कॅन्सल झाले आणि शेवटी त्यांच्या परतीच्या फ्लाइटच्या आधीचा एकच शनिवार उरला.

जायचं होतं आम्ही तिघांनीच. पण माझ्या नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. त्याने मित्राला सांगितलं, मित्र म्हणाला, "आम्ही पण येतो यार, मजा येईल," आणि त्याच्याबरोबर त्याची आई, म्हणजे आमच्या काकूही आल्या. पहाटे उठून पुऱ्या तळून.

बोटीतून उतरल्या उतरल्या काकूंनी धक्क्याशेजारच्या गवतावर चादर अंथरली. ती उडायला लागली म्हणून कोपऱ्यांवर सगळ्यांचे बूट ठेवले. झालं, आता पळणार कुठे? एका हाताने कागदी प्लेट दाबून धरायची, दुसऱ्याने पुरी तोडायची, आणि श्रीखंडात वाळू. टोकापर्यंत तासभर चालायचं होतं आणि परतीची शेवटची बोट दुपारीच सुटायची. माझं डोकं फिरलं होतं.

"आम्ही दोघं पुढे होतो," मी म्हटलं. काकूंचा चेहरा पडला.

"अगं बस," बाबा म्हणाले. "वहिनींनी एवढं केलंय. माझं काय, गेलो तर गेलो."

हे 'माझं काय' ऐकतच मी मोठी झाले. दिवाळीला सगळ्यांना कपडे व्हायचे आणि बाबांचं उत्तर हेच. मला त्यांचाच जास्त राग आला. काकू वाढत होत्या, बाबा एक पुरी नको म्हणाले की दोन पडत होत्या. शेवटी मी त्यांच्या प्लेटमधल्या पुऱ्या उचलून स्वतः खाल्ल्या, त्यांच्यापुढे बूट ठेवले आणि त्यांना उठवलं. चादरीचा तो कोपरा उडाला, उडू दे म्हटलं.

आम्ही जवळजवळ पळतच गेलो. टोकावर वारा इतका की उभं राहवेना. तिन्ही बाजूंना पाणी आपटत होतं. बाबा बराच वेळ बघत राहिले, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वर्गात मी हे फार लहान काढायचो गं."

मी घड्याळ पाहिलं. "बाबा, निघायला हवं."

ते खडकावर बसले. "मला थोडा वेळ बसायचंय इथे. बोट जाऊ दे."

"शेवटची आहे बाबा. इथे राहायची सोय नाही, काकूंच्या गोळ्या तिकडे गाडीत आहेत."

"अर्धा तास," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, समोर बघत.

जेवणात त्याहून जास्त वेळ गेला होता. बाबांनी जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं, आणि मी त्यांना दंडाला धरून उठवत होते.