पिठाची रेघ

मद्रासला मैलापुरातल्या त्या मेकॅनिकची रीतच वेगळी. माझ्या जुन्या गाडीला मी हौसेनं जीपचं इंजिन बसवलं, तेव्हापासून ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढायची. त्यानं मातीच्या गल्लीत तांदळाच्या पिठाची लांब रेघ काढली.

"रेघेवरून या, सार. ब्रेक मारताना स्टिअरिंग सोडा."

गाडी रेघ सोडून गेली. त्यानं वाकून चारही चाकांचा वास घेतला आणि पुढचं उजवं खोललं. आत ब्रेकवर तेल झिरपलेलं, म्हणून ते चाक धरतच नव्हतं.

दुरुस्तीनंतर तो रेघेच्या टोकाला माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. "या आता!"

गाडी सरळ आली आणि त्याच्या हातभर अलीकडे थांबली.

"ठाऊकच होतं मला," तो न वळता म्हणाला.

मी उतरून पाहिलं, तर त्याच्या अनवाणी पायांची बोटं मातीत घट्ट रुतली होती.