सत्तेचाळीस बाय दोनची माटोळी

धारगळच्या दत्तारामाला माणसांपेक्षा रानातली फळं जास्त ओळखीची. चवथीच्या आधी आठ दिवस तो कोयती घेऊन डोंगर पालथा घालायचा आणि कांगलां, घागऱ्यो, करमळां असली ढीगभर फळं आणून गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या लाकडी चौकटीला माटोळी बांधायचा. ती थोरल्या भावाच्या, विनायकाच्या माटोळीपेक्षा भरगच्च हवी, एवढाच त्याचा जन्माचा हट्ट. बारा वर्षांपूर्वी घराची वाटणी झाली, मधे चिऱ्यांची भिंत उभी राहिली, गणपतीसुद्धा वेगळे झाले. दादाकडे घर नंबर ४७ राहिला, ह्याला मिळाला ४७/२.

यंदा मंडळाने माटोळीची स्पर्धा मोबाइलवर घेतली. पहिलं इनाम मिक्सर. संजना मास्तरणीने ॲप बनवलं: घर नंबर टाकायचा, एकेका जिन्नसाचा फोटो चढवायचा, ॲप त्या घराचा फोल्डर करून मोजणी करणार. दत्तारामाने अंगठा सुजेस्तोवर एकसष्ट फोटो चढवले.

निकाल लागला. पहिला विनायक, जिन्नस एकशेबारा. दत्तारामाचं नाव यादीतच नाही. संध्याकाळी भिंतीपलीकडे वहिनीचा मिक्सर घरघरायला लागला, तसा हा उठून संजनाकडे गेला.

तिने फोन उघडला आणि कपाळाला हात लावला. नंबरातली तिरकी रेघ फोनला वाट वाटते, ती म्हणाली. रेघेच्या अलीकडे घर, पलीकडे त्या घरातली खोली. म्हणून 'सत्तेचाळीस'च्या पोटात 'दोन' नावाचा फोल्डर झाला, आणि मोजताना आतलं सगळं दादाच्या नावावर पडलं.

"गे बाय," दत्ताराम म्हणाला, "बारा वर्सां झाली मी त्या घरातसून भायर पडलंय. तू माका एका रेगेन परत आत घातलंस?"

संजनाने रेघेच्या जागी आडवी दांडी घालायला ॲपला शिकवलं, फोल्डर नव्याने केले, परत मोजलं. विनायक एकावन्न. दत्ताराम एकसष्ट. आणि वरच्या वाड्यावरची सुमंगला, जी आधीच्या निकालात दुसरी होती, ती चौसष्ट. वहिनीने मिक्सर परत द्यायला घासून-पुसून खोक्यात भरला. खोबऱ्याचा वास काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी संजनाच्या दारात एकच स्कूटर थांबली. पुढे विनायक, मागे दत्ताराम, अंगाला अंग लागू नये म्हणून मधे हेल्मेट. दोघांनी आळीपाळीने घसे खाकरले. शेवटी धाकटाच बोलला.

"बाय, ती तिरकी रेग फुडल्या चवथीक परत घालूक जमात?"

"घाल म्हणता तो," विनायक दुसरीकडे बघत म्हणाला. "मिक्सर आमी दिसाआड वापरतलों."