मामाचे मासे जेवत नाहीत

माझा मामा जन्मभर कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी होता. "अजून थोडं घ्या" हे त्याने इतक्या वेळा म्हटलं की कामगारांनी त्याचं नावच 'अजूनथोडं' पाडलं. निवृत्त झाल्यावर तो माझ्या आईकडे, म्हणजे त्याच्या ताईकडे राहायला आला. घरामागे आईचं माशांचं तळं आहे आणि त्यावरच आमचं घर चालतं. मामाने आल्या आल्या खाद्याचा डबा ताब्यात घेतला. काठावर उभं राहून त्याने डबा वाजवला की सगळे मासे त्याच्या पायाशी गोळा व्हायचे. स्वारी खूश.

मग उन्हाळा तापला. वारा पडला, पाणी कोमट झालं. आईने फर्मान काढलं, "आजपासून खाणं निम्मं."

"ताई, अगं उपाशी मारतेस का त्यांना?"

"पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते. त्यात पोट भरलेलं असलं की माशाला हवा जास्तच लागते. उरलेलं खाणं कुजून पाणी नासतं ते वेगळंच."

मामाने मान डोलावली. कँटीनच्या साहेबासमोरही तो अशीच मान डोलवायचा आणि मग स्वतःला हवं तेच करायचा. आईची पाठ वळली की एखादी मूठ पाण्यात पडायचीच.

एकदा उजाडता उजाडता तो काठावर गेला, तर डबा न वाजवताच सगळे मासे वर आलेले, आ वासून. "काय दशा झालीय भुकेने लेकरांची," म्हणत त्याने डबा उलटा केला.

एकही मासा खाईना. खाद्याच्या गोळ्या माशांच्या उघड्या तोंडांना लागून नुसत्या तरंगत राहिल्या. वाढलेलं समोर आहे, तोंडं उघडी आहेत आणि कोणी घास घेत नाही, असं मामाने कधी पाहिलं नव्हतं. तो घाबरून ओरडला, "ताई, जेवत नाहीत गं!"

आई धावत आली. पाणी घुसळून त्यात हवा मिसळणारा पंखा ती रोज उठल्यावर लावायची. त्या दिवशी मासे तिच्या आधी जागे झाले होते. तिने पंखा लावला, विहिरीचा पंप सुरू केला आणि मामाच्या हातात जाळी दिली. "आधी ते खाणं बाहेर काढ. जीव गुदमरलाय त्यांचा."

मामा गुडघाभर पाण्यात उभा राहून गोळी न गोळी वेचत होता आणि रडत होता. बरेच मासे उताणे झाले. उरलेले हळूहळू खाली गेले.

तेव्हापासून पंखा लावायला मामाच उठतो. डबा त्याने स्वतःहून आईच्या कपाटात ठेवला. काठावर मात्र तो जाईना. आपली चाहूल लागली की मासे वर धावतील आणि दमतील, असं म्हणून भिंतीआडूनच डोकावायचा.

शेवटी ऐन उन्हाळ्यातल्या एका सकाळी आईनेच त्याला हाताला धरून काठावर नेलं. पाणी रिकामं दिसत होतं. एकही तोंड वर नव्हतं.

"कोणीच आलं नाही," मामा म्हणाला.

"खाली आहेत. बरे आहेत."

"बरे आहेत ना? मग झालं." तो बराच वेळ बघत राहिला. निघताना सवयीने त्याने हात पुढे केला आणि मूठ पाण्यावर झटकली. मुठीत काही नव्हतं.