अकरा पोरी, धरणाचं पाणी आणि माझी जबाबदारी

अंगणवाडीत खिचडी शिजायला टाकली की बाया चुलीपाशी येऊन बसतात. म्हणतात, "शेवंताबाई, ते पोरींच्या पवण्याचं सांगा की." एक सांगावं तर त्याला धरून दुसरं वर येतं, भुईमुगाचा वेल उपटल्यासारखं. खिचडी खाली लागते, पण किस्से सरत नाहीत. आज मी हसून सांगते. त्या वर्षी हसत नव्हते.

हिंगोली नवा जिल्हा झाली तेव्हाची गोष्ट. कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावर मी अंगणवाडीची मदतनीस होते. शिक्षण चौथी. तांड्याला लागून धरणाचं पाणी. आधी तिथं रानं होती, त्यामुळं पाण्याखाली कुठं बांध, कुठं विहीर, कोणाला ठावं? आदल्या साली कपडे धुताना एका पोरीचा पाय घसरला. काठावर सहा बाया होत्या. सहाजणींनी पदर फेकले, बोंबलल्या. पवता एकीलाही येत नव्हतं. पोरगी गेली. त्या सहांत एक मी होते.

मग शाळेतल्या राठोड सरांनी पवण्याचा वर्ग काढला. पोरं पहिल्याच दिवशी आली. पोरी एकपण नाही. सर म्हणाले, "पाण्यातलं मी बघतो. घरातलं तुम्ही बघा."

मी दारोदार हिंडले. प्रत्येकीच्या आईला म्हणाले, "माझ्या जबाबदारीवर सोडा." बोलून गेले. अन् मला स्वतःला तर घोट्याच्या वर पाणी चढलं की मी काठाकडं पळायची!

* * *

सगळ्यात आधी धुरपदाकडं गेले. तिची एकुलती एक सविता, अकरा वर्षांची. धुरपदा काही बोलायच्या आत तिची सासू दारात आडवी.

"पवून काय करायचं पोरीला? मासे धरायचेत काय?"

मी म्हणाले, "न्हाई. माशांनी तिला धरू नये म्हणून."

म्हातारी दारातून बाजूला झाली. धुरपदा मात्र मला बाहेर सोडायला आली अन् हात धरून म्हणाली, "बाई, माझी एकच हाये." एवढंच. तो हात मला वर्षभर मनगटावर लागत राहिला.

* * *

तांड्याच्या नायकाला विचारल्याशिवाय पोरी पाण्यात उतरणार नव्हत्या. नायक बाजेवर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "पोरींचे कपडे ओले होतील, गडीमाणसं बघतील. तांड्याची काही अब्रू हाये का न्हाई?"

मी म्हणाले, "नायक, बुडालेल्या पोरीचे कपडेपण ओलेच राहतात. तवा तर सगळा तांडा जमून बघतो."

नायकांची तंबाखू हातातच राहिली. शेवटी म्हणाले, "पडदा लावा."

मग काठाच्या बाभळींना चार लुगडी बांधून पडदा केला. चौथ्या दिवशी शेळ्यांनी त्यातल्या एकाचा काठ खाल्ला. लुगडं कोणाचं होतं? नायकाच्या बायकोचं. नायकांनी दुसरं आणून दिलं आणि म्हणाले, "शेळ्या बांधा, पोरी सोडा."

* * *

पोरींना धरायला ट्यूब पाहिजेत म्हणून मी वारंगा फाट्यावर गेले. पंक्चरवाला म्हणाला, "कौनसी गाडी का होना, खाला?"

"गाडीला न्हाई. पोरींला."

त्यानं माझ्याकडं बघितलं, ट्यूबकडं बघितलं. मग सगळी हकिगत ऐकून ट्रकच्या तीन जुन्या ट्यूब ठिगळं लावून दिल्या. माझी बुद्धी बघा, तांड्यावर पंप नाही म्हणून मी त्या तिथंच फुगवून घेतल्या! एसटीच्या दारात एकपण आत शिरेना. कंडक्टर खेकसला, "बाई, फाट्याला काय पूर येऊन राहिला काय?"

दोन टपावर टाकल्या. तिसरीवर मला लई भरवसा नव्हता, तिला सात ठिगळं होती. ती गळ्यात घालून मी बसले. सगळी गाडी हसत होती. मी कान लावून ऐकत होते, हवा कुठून जाते का.

* * *

रोज दुपारी अकरा पोरी पाण्यात आणि मी काठावर. सर पाय मारायला शिकवायचे, तोंडानं श्वास घ्यायला शिकवायचे. मी नुसती डोकी मोजायची. एखादीनं बुडी मारली की दहा व्हायची, माझा जीव जायचा. ती वर आली की परत अकरा.

एका सांजेला चुलीपाशी बसून भाकरी थापत होते. मालक आले, टोपल्यात बघितलं.

"कोणी पाव्हणे येणार हायेत का?"

"न्हाई. काहून?"

"घरात माणसं चार, अन् भाकरी अकरा."

* * *

तुळशीचं वेगळंच. तिचा बाप म्हशी राखायचा. ती म्हशीचं शेपूट धरून लहानपणीच पाण्यात उतरलेली. सर म्हणाले, ही आपली सगळ्यात तयार पोरगी. तालुक्याच्या साहेबांनी धरणावर शर्यत ठेवली, तिथं पोरींमध्ये हिलाच उतरवायचं ठरलं. म्हणजे बाकीच्या तांड्यांनापण दिसंल, आपल्या पोरी पाठवतील.

शर्यतीच्या दिवशी तुळशी कंबरभर पाण्यात उभी राहिली अन् मागं वळून म्हणाली, "सर, म्हैस कुठं हाये?"

सर म्हणाले, "म्हैस कशाला?"

"म्होरं म्हैस असल्याबिगर मला पवता येत न्हाई."

साहेब शिट्टी तोंडात धरून उभे. तेवढ्यात तुळशीचा बाप धोतर सावरत पलीकडच्या काठाला पळाला. तिथून त्यानं म्हशीला घालतात तशी साद घातली, "हुर्र्र, ये ये ये." शिट्टी वाजली. पोरगी त्या आवाजावर डोळे मिटून सुटली, हात मारत, पाय मारत, सरळ रेघेत.

दुसरी आली. पहिलीच यायची, पण बापाला मधीच ठसका लागला.

* * *

आता शेवटचा. हा मी सगळ्यांना सांगत नाही.

मला डोक्यांचा भरवसा वाटेना, म्हणून मी चपलांची रीत घातली होती. पाण्यात उतरायच्या आधी प्रत्येकीनं चपला काठावर ओळीत काढायच्या. बाहेर आली की घालायच्या. ओळ संपली की मी घरी जायची. एक जोड उरला, तर एक लेकरू आत.

त्या दिवशी वर्ग सुटला. सर पोरांसंगं ट्यूब घेऊन चढ चढून गेले. पोरी कपडे बदलून हसत-खिदळत तांड्याकडं निघाल्या. मी लुगडी सोडून घड्या घातल्या आणि वळून बघितलं.

एक जोड उरला होता. निळ्या पट्ट्यांचा. सविताचा.

मी हाक मारली. परत मारली. पाणी गप. सर चढाच्या पार पलीकडं गेलेले. धुरपदाचं तेवढं एक वाक्य कानात. पाण्यात दूर काहीतरी काळं दिसलं, केसांसारखं. मी चालत सुटले. पाणी गुडघ्याला आलं, कंबरेला आलं, छातीला आलं. पुढचं पाऊल टाकलं तर खाली काहीच नव्हतं.

नाकातोंडात पाणी गेलं. वर कुठं, खाली कुठं, कळेना. हात मारले ते नुसते पाण्यातच. मग कोणीतरी मागून माझा अंबाडा पकडला आणि अशी ओढली की वाटलं, मान तुटती आता. उताणी पडून मी ओढली जात होते, वर आभाळ, कानात पाणी. टाचेला चिखल लागला तेव्हा कळलं, काठ आला.

ओकले, खोकले, डोळे पुसले. समोर सविता. धापा टाकत होती. पोट दुखलं म्हणून पोरगी घाईघाईनं अनवाणीच झुडपामागं परसाकडं गेली होती; माझ्या हाका ऐकून धावत आली, तर मी पाण्यात. पाण्यातलं ते काळं म्हणजे बाभळीचं बुडालेलं खोड होतं.

मी उठले आणि तिच्या गालावर एक ठेवून दिली. होता नव्हता तेवढा जोर लावून.

ती गाल धरून माझ्याकडं बघत राहिली. डोळे भरले, पण रडली नाही.

"सरांनीच सांगितलं होतं, बुडणाऱ्याचा हात धरायचा न्हाई, केसं धरायचे. म्या केसंच धरले की, मावशी. मंग मारून काहून राहिल्या?"